तात्यांनी लावलेल्या जोड्या

आमच्या काटेवाडीकडं जत्रेच्या कुस्त्यांत पंच दोन पैलवान शेजारी उभे करतात, नजरेनं तोलतात आणि जमलं तर जोड लावतात. माझे वडील, तात्या, तशाच जोड्या बॉक्सिंगच्या, नुसत्या तोंडी, लावायचे, त्याही एकमेकांना कधी न भेटलेल्या विजेत्यांच्या. एक त्यांच्या तरुणपणचा, दुसरा कालपरवाचा. तात्या फौजेत असताना बॉक्सिंगमध्ये पलटणीचे विजेते होते, त्यामुळं घरात त्यांच्या निकालावर अपील नव्हतं. जुनाच जिंकायचा.

नव्वदच्या दशकात बारामतीत केबल आली. तात्यांचे मित्र, आमचे चाचा, यांचं तिथं सायकलचं दुकान होतं आणि मागच्या घरात रंगीत टीव्ही. रविवारी आम्ही तिकडं जायचो. पडद्यावर नवा विजेता समोरच्याला आडवा करायचा आणि तात्या नाक मुरडायचे. "ताकद हाय, पण पाय कुठं हायत? आमच्या येळच्यानं ह्याला दुसऱ्या फेरीत झोपवला असता."

चाचा हसायचे. माझा धाकटा भाऊ हसायचा नाही. तो कॉलेजात बॉक्सिंग करायचा, आणि तात्या त्यालाही त्याच मापानं मोजायचे. इंदापूरला पहिला येऊन त्यानं पदक आणलं, तर म्हणाले, "आमच्या पलटणीतला राखीव गडीबी तुझ्याकडनं हरला नसता." भाऊ भरल्या ताटावरून उठला. मला तात्यांचा असा संताप आला! एक शब्द चांगला बोलले असते तर जीभ झिजली असती का?

राज्याच्या स्पर्धेला निघायच्या आधी, चाचांच्या अंगणात, भावाचा बांध फुटला. "दुसऱ्यांच्या जोड्या बास झाल्या, तात्या. आता आपली लावा. कळू द्या कोण भारी."

"अरं, बाप हाय तुझा," चाचा मध्ये पडले. तात्यांनी त्यांना बाजूला सारलं आणि हात वर धरून उभे राहिले.

भावानं पहिले दोन ठोसे नुसते दाखवले. तात्यांनी ते सहज झटकले. मग त्यानं उजवा हात वळवून हळूच टाकला. कुणीही चुकवला असता. तात्या हललेच नाहीत. ठोसा गालावर बसला आणि ते मटकन खाली बसले.

भाऊ घाबरून वाकला. "चुकवला का न्हाय?"

"दिसलाच न्हाय. डावा डोळा शेवटच्या लढतीत गेला. घरात कुणाला बोललो न्हाय." तात्या गाल चोळत राहिले. "तुला नावं ठेवली की तू नाद सोडशील, असं वाटलं व्हतं."

"मग खरं सांगा. कोण भारी?"

"तूच. मी कंदीच तुझ्यावानी नव्हतो. तू लई वर जाशील, म्हणून तर भ्या वाटतं."

भाऊ त्या स्पर्धेला गेला नाही. नंतर तात्याच त्याला जा, जा म्हणून विनवायला लागले, तेव्हा तो म्हणाला, "मला तेवढंच ऐकायचं व्हतं."