ढोल थांबला तरी

अंगात येणं या प्रकारावर माझा कधीच विश्वास नव्हता. जन्मभर शाळेत गणित शिकवलेली मी. कुणी बाई केस सोडून घुमू लागली की माझ्या मनात यायचं, आता हिचा स्वयंपाक कुणाच्या गळ्यात पडणार? कानबाईवर श्रद्धा होती, पण तीही शिस्तीची. श्रावणात आमच्या लोधीपुऱ्यातल्या घरी नारळाला डोळे, नथ, दागिने लावून कानबाई बसवतात. दुसऱ्या दिवशी सकाळी वाजतगाजत तापीवर नेतात, नदीत बुडवतात आणि तोच नारळ परत आणून देवघरात ठेवतात. नैवेद्याचा रोट किती जाड लाटायचा इथपासून सगळं माझ्या हुकमानं चालायचं. घरात त्यावरून माझी खूप टिंगल व्हायची.

दोन वर्षांपूर्वी नेहमीचा ढोलवाला तापानं पडला, म्हणून डोईफोडियाहून एक म्हातारे बाबा आले. पुतणी पिंकी डोक्यावर देवी घेऊन पुढे, मागे मी आणि माझी धाकटी जाऊ शोभा. राजघाटाच्या उतारावर आलो आणि एकाएकी रस्ता पळू लागला. घरं, माणसं, देवी, सगळं एका बाजूला सरकायचं, झटक्यानं जागेवर यायचं, पुन्हा सरकायचं. पाय वेडेवाकडे पडू लागले, जीभ जड झाली, मी झुलायला लागले.

“माय आली! बाईंच्या अंगात माय आली!” कुणीतरी ओरडलं. बायकांना केवढा आनंद! इतकी वर्षं नाक मुरडणारी मी अखेर सापडले होते. ढोल चढला. कुणी मला खाली बसवून माझा अंबाडा सोडला, कुणी मळवट भरला. शोभानं तर पायच धरले. “माय, आमच्या पिंकीचं लगीन कधी जमेल, सांग वो!” मला धरा, एवढंच सांगायला मी कसाबसा हात उचलला, तो तिनं आशीर्वाद समजून डोक्यावर घेतला. मला हसूही येत होतं आणि भीतीनं जीवही जात होता. असंच हळदीकुंकू लावून घेत मी इथेच मरणार, असं वाटलं. तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा देवीला काहीही न सुचवता मी मनात म्हटलं, आई, मला काही कळत नाही, आता तूच बघ.

आणि ढोल थांबला.

“अहो बाबा, देवी आली अन् तुम्ही ढोल बंद करता? पागल झालात का?” शोभा कडाडली.  ढोल खाली ठेवून बाबा माझ्यासमोर उकिडवे बसले आणि माझ्या डोळ्यांत बघत राहिले.

“बाई, मी चालीस साल वाजवतोय,” ते म्हणाले. “ढोल बंद झाला की अंगातलं वारं उतरतं, बाई थंडी होऊन बसते. हिचे डोळे बघा, अजून पळतायत. ही देवी नाही, बिमारी आहे. रिक्षा बुलवा, अब्बी!”

पिंकी देवी घेऊन नदीकडे गेली आणि शोभा मला घेऊन दवाखान्यात. तिथल्या तरुण डॉक्टरांनी मला डावी-उजवीकडे बघायला लावलं, लगेच तपासण्या केल्या. लहान मेंदूत रक्ताची गुठळी अडकली होती, म्हणून डोळे असे धावत होते. इंजेक्शन दिलं. “वेळेत आणलंत,” डॉक्टर म्हणाले, “पुष्कळ लोक साधी चक्कर समजून घरीच झोपवतात.” कपाळावरचा मळवट पुसताना नर्सबाईंच्या नाकी नऊ आले. शोभा रडत होती. “ताई, माफ करा वो, मी पायच धरून बसले.” जड जिभेनं मी म्हटलं, “पिंकीचं जमेल.” रडतारडता ती हसली, आणि मी जगले हे मला तेव्हा खरं वाटलं.

बरी झाल्यावर आम्ही बाबांना भेटायला डोईफोडियाला गेलो. मी वाकायला लागले तर ते संकोचून मागे सरले. “मी काय केलं? वाजवणं तर पोरांनाही येतं. कधी थांबायचं, तेवढं गुरूनं शिकवलं होतं.” त्या दिवशी नेमका हाच माणूस आमच्याकडे कसा आला, याचं गणित मी मांडत नाही. दोघांनाही नमस्कार करते, त्यांना आणि जिनं पाठवलं तिला.

डोळे मात्र लगेच थांबले नव्हते. रोज सकाळी एका वस्तूवर नजर ठेवून मान हळूहळू हलवायची, असा व्यायाम होता. शोभानं माझ्यासमोर स्टुलावर कानबाईच ठेवली. सुरुवातीला दोन कानबाया दिसायच्या, दोन्ही थरथरत्या. आई, तू तरी नीट बस, असं मी म्हणायची आणि शोभा खुदकन हसायची. इतकी वर्षं देवी सजवली, पण तिच्या तोंडाकडे अर्धा अर्धा तास बघत बसणं मला कधी जमलं नव्हतं. आता दुसरं कामच नव्हतं. हळूहळू व्यायाम कधी संपतो आणि दर्शन कधी सुरू होतं, ते कळेनासं झालं.

एका सकाळी ती थांबली. एकच नारळ, दोन टपोरे डोळे, माझ्याकडे बघणारे. आनंदानं माझं रडू आवरेना. शोभानं बसवलेली नथ थोडी वाकडी होती. ती सरळ करायला माझा हात पुढे गेला, मग दुसराही गेला, आणि दोन्ही तिथेच जोडले गेले.