गार्नेटचा काठ

काकूंचा फोन आला तेव्हा मी हुबळीच्या लॅमिंग्टन रोडवर झेरॉक्सच्या दुकानात उभी होते. "शैला, अण्णा गेले ग. आंघोळीला पाणी काढलं, हाक मारली, तर..." नोट्सचा गठ्ठा तिथंच विसरून मी धारवाडची बस पकडली. खरं सांगायचं तर बसमध्ये मला रडू आलं नाही. आधी भीतीच वाटली. बावीस वर्षांपूर्वी मी अण्णांशी एक खोटं बोलले होते. ते कबूल करायचं दिवाळीला ठरवायची, मग त्यांच्या निवृत्तीनंतर, मग माझ्या मुलीच्या परीक्षेनंतर... आता कबूल करायला माणूसच राहिला नव्हता. त्याला दीड महिना होऊन गेला.

वामनअण्णा, काकूंचे यजमान आणि माझे सर, धारवाडच्या कॉलेजात भूविज्ञान शिकवायचे. घरात मराठी, बाजारात कानडी, वर्गात इंग्रजी, आणि चिडले की तिन्ही एकदम. पँटच्या खिशात दगड ठेवायची खोड अशी की माळमड्डीतल्या त्या घरात काकू धुण्याआधी खिसे चाचपायच्या आणि सापडलेले दगड मुकाट्यानं खिडकीत मांडायच्या. आज जमिनीवर पडलेला दगड एके काळी किती खोल होता, हे शोधणं म्हणजे अण्णांचं आयुष्य. खोल गेलेल्या दगडावर वरचा भार पडतो, आत नवी खनिजं तयार होतात, आणि एकमेकांना चिकटलेली खनिजं त्या दाबाप्रमाणे आपापल्यातल्या कॅल्शियमची वाटणी करून घेतात. ती वाटणी मोजली की दाब कळतो, दाबावरून खोली. मात्र मोजायचं ते दोघांच्या सामायिक काठावर. गार्नेटचा लालसर मणी आतून बाहेर वाढत जातो, त्यामुळे त्याचा मध्य फार जुना असतो. "नोड, बघ, शेजाऱ्यांची आजची भांडणं त्यांच्या आजोबांना विचारून कशी कळतील?" अण्णा म्हणायचे. "काठ मोजायचा. अष्टे, एवढंच."

दांडेलीपलीकडच्या एका ओढ्यातून त्यांनी स्वतः हातोडीनं फोडून आणलेला दगड होता. त्याचे कागदाहून पातळ काप त्यांनी घासून केले, कुठं मोजायचं तिथं काळ्या शाईनं बारीक गोल काढले आणि ते काप घेऊन मला परगावच्या प्रयोगशाळेत पाठवलं. तिथलं मोजणीचं यंत्र आम्हाला दोनच दिवस मिळालं होतं. गार्नेटचे काठ भेगाळलेले, त्यात अभ्रकाचा चुरा. घटकांच्या टक्क्यांची बेरीज काही केल्या शंभराच्या जवळ जाईना. दुसऱ्या दिवशी दुपारी यंत्र सोडायची वेळ झाली तशी मी सरळ मण्याच्या मध्यावर मोजलं. तिथं सगळं स्वच्छ आलं. आणि तक्त्यात लिहिलं, 'काठ'. परत आल्यावर अण्णांनी तक्ता बघितला, गणित मांडलं, भुवया उंचावल्या. "एवढा दाब? हा दगड इतका खोल गेला असेल असं वाटत नाही ग. काठच घेतलास ना?"

"होय अण्णा."

विद्यार्थ्याला एकच गोष्ट दोनदा विचारायची नाही, हा त्यांचा नियम. दोनदा विचारलं की माणसाला अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं, म्हणायचे. त्यांनी पुन्हा विचारलं असतं तर मी नक्की फुटले असते... पण त्यांनी विचारलं नाही. स्वतःचा अंदाज बाजूला ठेवून त्यांनी माझ्या आकड्यावर निबंध लिहिला आणि त्यावर माझंही नाव घातलं.

दोन वर्षांनी एका परिषदेत एका तरुण संशोधकानं त्याच ओढ्यातल्या दगडाची मोजणी मांडली. खोली दहा किलोमीटरनं कमी, म्हणजे बरोबर अण्णांच्या मूळ अंदाजाइतकी. सगळे आमच्याकडे बघायला लागले. अण्णा उठले, म्हणाले, "माझ्या गणितात कुठंतरी चूक आहे. शोधतो." मी शेजारी मान खाली घालून बसले होते. परतीच्या बसमध्ये मला खिडकीची जागा देऊन वर म्हणाले, "तू नको मनाला लावून घेऊ. तुझी मापं चोख आहेत." त्यानंतर त्यांनी निबंध लिहिला नाही. मला मात्र हुबळीत नोकरी लागली, त्यांच्याच शिफारशीवर.

तेराव्यानंतर काकूंनी मला अण्णांच्या खोलीत नेलं. टेबलाखाली वह्यांची चळत होती. "बघ ग, रद्दीत घालायच्या का?" मी उघडल्या. त्या एका दगडाचं गणित, पुन्हा पुन्हा, वर्षानुवर्षं. कधी तापमान बदलून, कधी सूत्र बदलून, कधी सगळी आकडेमोड पहिल्यापासून. शेवटची वही याच वर्षाची, अक्षर थरथरलेलं. प्रत्येक पानावर सगळ्या गोष्टींपुढं प्रश्नचिन्ह होतं. फक्त माझ्या आकड्यापुढं नव्हतं.

"कुठं चुकलं होतं ग त्यांचं?" काकूंनी विचारलं. "रोज सकाळी तासभर बसायचे. सापडलं का विचारलं की नुसती मान हलवायचे."

मी सांगितलं. सगळं, यंत्रापासून खोट्यापर्यंत. काकू रागावतील, निदान रडतील असं वाटलं होतं. त्यांनी शेवटची वही जवळ ओढून घेतली. मग म्हणाल्या, "म्हणजे त्यांचं बरोबर होतं?"

"होय काकू. पहिल्यापासून."

"मग सांगायचं होतंस की ग एकदा येऊन. रागावले नसते ते... किती आनंद झाला असता त्यांना."

अण्णांच्या रागाला घाबरून मी बावीस वर्षं घालवली. हा आनंद माझ्या हातात होता, हे मला एकदाही सुचलं नाही.