नोझल वाकवायला काडेपेटी मागितली

मंडळी, कॅफेत बसून डाव्या हातानं टाइप करतोय, चुका सांभाळून घ्या.

आज कुरुंद्याला एका काकांचा गोबरगॅस बघायला गेलो. पाइपच्या जोडातून गॅस गळत होता. जोड नेमका गोठ्याच्या भिंतीकडे. फट बुजवायच्या सिलिकॉनच्या गनचं सरळ नोझल तिथं पोचेना.

मला त्यात नवं काही नव्हतं. माझं मूळ काम काचा बसवायचं; त्यातल्या अशा कोपऱ्यांसाठी मी नोझल स्वतःच घडवतो. जाळावर धरायचं, हवं तसं वाकवायचं, टोक तिरपं कापायचं.

मान वर न करता म्हणालो, "काका, काडेपेटी द्या."

काका घरात गेले. गोठ्यात काकू म्हशीची धार काढत होत्या. माझ्या डोक्यात फक्त नोझलचा कोन.

वर बघितलं तर काका काडी पेटवूनच येऊन राहिले होते. वाऱ्यानं विझू नये म्हणून हाताचा आडोसा करून, जपून जपून.

मी धावलो आणि ती पेटती काडी मुठीत दाबली.

"काहून दादा? तुमीच तर मागितली."

"काका, गॅस गळून राहिला ना!"

काकांनी काडेपेटी खिशात घातली. म्हणाले, "वास मला बी येऊन राहिला होता. पण म्हटलं, तुमाला ठाऊक असंल."

मग शेजारून उकळतं पाणी आणून त्यात नोझल वाकवलं. गळती थांबली. हाताची आगही थांबेल. ते वाक्य मात्र कानातून जात न्हाई.

तुमच्यावर भरवसा ठेवून कुणी असा स्वतःच्या नाकावरचा भरवसा सोडलाय का कधी?