छातीत दुखत नव्हतं
तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो, त्यामुळे दिवसभर माणसांत असायची सवय. निवृत्त झालो, पाठोपाठ बायको गेली, आणि धाड गावातल्या घरात मी एकटा उरलो. मुलगी पुण्याला असते. तिचा फोन येतो, जेवलात का विचारते, मी हो म्हणतो आणि बोलणं संपतं. काही आठवडे तर असे जायचे, की तेवढाच काय तो माझा आवाज घरात उमटायचा.

म्हणून दर तीन महिन्यांनी शुगरसाठी रक्त द्यायला बुलढाण्याला जाणं मला, खरं सांगायचं तर, आवडायचं. दवाखान्याच्या बाकावर अनोळखी माणसंही एकमेकांची शुगर विचारतात.

गेल्या दिवाळीनंतर गेलो तेव्हा तिथे नवीन डॉक्टरीणबाई होत्या. जिना चढताना दम लागतो का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, लागतो, वय झालं आता. त्यांनी नेहमीच्या तपासण्यांखाली आणखी एक लिहिली.

"ही हृदयासाठी. हृदयावर ताण पडत असेल तर रक्तात एक घटक वाढतो. तुम्हाला काही जाणवायच्या आधी तो दिसतो."

"पण मॅडम, माह्या छातीत तं कधीच दुखलं नाही."

"तेच सांगतेय. बरीच वर्षं शुगर असली की पायाच्या नसा बधीर होतात ना, तशा आतल्याही होतात. काहींना अटॅक आला तरी छातीत दुखत नाही. नुसता घाम येतो, मळमळतं, थकवा येतो. माणूस पित्त समजून बसतो."

पुढचं मी काहीच ऐकलं नाही.

बायकोलाही शुगर होती. शेवटच्या आठवड्यात ती भांडी घासता घासता मधेच थांबायची. "जीव घाबरा होऊन राह्यला," म्हणायची. मी विचारलं होतं, "छातीत दुखते का?" ती म्हणाली, "नाही." मी म्हणालो, "मंग पित्त असंन," आणि पाण्यात सोडा घालून दिला. चौथ्या दिवशी दुपारी वाळलेले कपडे घेऊन ती घरात आली, खाटेवर बसली आणि आडवी झाली. जीप मिळेपर्यंत, बुलढाणा गाठेपर्यंत सगळं संपलं होतं.

तेराव्याला तिची मोठी बहीण, अक्का, उंद्रीहून आली होती. चार माणसांसमोर तिने विचारलं, "तिले दवाखान्यात काऊन नाही नेलं तुमी?"

मी म्हणालो, "तिच्या छातीत दुखत नव्हतं."

"म्हणे दुखत नव्हतं!" एवढंच बोलून ती उठली. माझ्या घरचं पाणीही न पिता गेली. त्यानंतर तीन वर्षं आमचं बोलणं नव्हतं.

आठ दिवसांनी माझा रिपोर्ट आला. तो घटक थोडा वाढलेला होता. डॉक्टरीणबाईंनी हृदयाची सोनोग्राफी केली, गोळी बदलली आणि म्हणाल्या, "घाबरू नका, वेळेत कळलं. घरी कुणाला तरी सांगा मात्र."

दवाखान्यातून स्टँडवर आलो. धाडची गाडी उभी होती. मी तिच्यात बसलो नाही, चिखलीच्या गाडीत बसलो आणि तिथून उंद्री गाठली. स्वतःची बाजू मांडायला गेलो नव्हतो. मुलीला हे फोनवर सांगता आलं नसतं, आणि बायकोला माझ्याइतकं ओळखणारं दुसरं कुणी जवळ नव्हतं.

अक्का ओसरीवर मेथी निवडत बसली होती. मला पाहून ती उठली, तांब्या आणून समोर ठेवला, पण 'या' म्हणाली नाही. मी बसलो आणि डॉक्टरीणबाई जे बोलल्या ते सगळं सांगितलं. "मले तवा समजलं नाही, अक्का. आता समजलं."

तिने मेथीच्या दोन काड्या मोडल्या. मग खाली मान घालूनच म्हणाली, "घाम येते म्हणता?"

"हाव."

"थंडीतबी?"

मी तिच्याकडे नीट पाहिलं. ती पदराने मान पुसत होती.

"तुमाले शुगर हाये का, अक्का?"

"झाली दहा-बारा वर्षं."

"अन् दम?"

"परवापासून नळावर जातानाबी मधात बसा लागते."

"घरात सांगितलं?"

"काय सांगू, जवाईबुवा? दुखत तं नाही काही."

मी उभा राहिलो. "चला. लुगडं बदला."

"आता? सून वावरातून याची हाये. उद्या पाहू."

"मी सोडा देऊन बसलो होतो, अक्का. आता मी उद्यावर थांबत नाही."

तिने हातातली जुडी खाली ठेवली. मग मेथीवर सूप पालथं घालून आत गेली.

चिखलीच्या दवाखान्यात ईसीजीची पट्टी काढली, रक्त घेतलं. डॉक्टर म्हणाले, अटॅक दोन-तीन दिवसांपूर्वीच येऊन गेलाय, रक्तात तसं दिसतंय. तोवर निरोप मिळून तिचा मुलगा आणि सून आले. संभाजीनगरला न्यायला गाडी मागवली. त्यात मुलगा आणि सून बसले, तिसऱ्याला जागा नव्हती. मी फाटकापाशी उभा राहिलो, गाडी वळेपर्यंत. मग रसवंतीच्या बाकावर जाऊन बसलो. कुणाला तरी सांगावंसं फार वाटत होतं. खिशातला फोन काढला आणि परत ठेवला, कारण सांगायचं होतं ते बायकोला, आणि तिचा नंबर मी कधीचाच बंद केला होता.

अक्का वाचली. तिच्या हृदयात स्टेंट टाकला. महिन्याभराने तिचा मला फोन आला. "तिचा एखादा फोटो असंन तं आणून द्या. माह्याजवळ एकबी नाही."

माझ्याकडे शेवटच्या वर्षीचा, पुतणीच्या लग्नातला होता. तो मोठा करून घेऊन गेलो. अक्काने चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला.

"किती थकली होती हो," ती म्हणाली.

मी पुन्हा पाहिलं. खरंच थकलेली होती. डोळ्यांखाली, गालांवर सगळं दिसत होतं. तो फोटो तीन वर्षं माझ्या कपाटात होता आणि मला त्यात फक्त नवी साडी दिसली होती.

सुनेने आम्हा दोघांना बिनसाखरेचा चहा दिला. अक्का राहायचा आग्रह करत होती. मी नको म्हणालो आणि चारच्या गाडीने धाडला आलो.