मोटारीची खोळ

माझं माहेर शहापूरचं. लढाईच्या दिवसांत लग्न होऊन मी मुरबाडला आले. सासऱ्यांची भाताची गिरणी होती. मी त्यांना मामंजी म्हणायची. गिरणीच्या आवारात पत्र्याच्या छपराखाली त्यांची मोटार उभी असायची. कल्याणच्या एका व्यापाऱ्याकडून त्यांनी ती जुनी विकत घेतली होती. पण मी आले तेव्हा पेट्रोल मिळेनासं झालं होतं आणि मोटार जागची हलत नव्हती. म्हणून पहिली काही वर्षं मला ती नीट दिसलीच नाही. दिसायची ती तिच्यावरची खोळ.

ही खोळ जाड दोसुतीची, शिंप्याकडून मापाने शिवून घेतलेली होती. गिरणीतला कोंडा उडून सगळीकडे बसायचा, पावसाळाभर दमट हवेत त्याचा थर साचायचा, आणि दसरा उलटेपर्यंत खोळीला बुरशीचे काळे ठिपके पडायचे. एकदा मामंजींनी ती धोब्याकडे दिली होती. त्याने भट्टीत घातली, ती आटली, आणि मोटारीची मागची बाजू उघडी पडू लागली. सासूबाईंनी तिथे जुन्या सतरंजीचा निळा पट्टा जोडला. तेव्हापासून खोळ धुणं घरच्या बायकांकडे आलं.

दिवाळीच्या आधी एक दिवस सासूबाई मला म्हणाल्या, “चल गो, मोटारीची खोळ धुवाची हाय.”

गिरणीच्या बैलगाडीत खोळ टाकून आम्ही दोघी नदीवर गेलो. गडीमाणूस गाडी सोडून बैलांना चारायला घेऊन गेला. आधी आम्ही खोळ दोरीवर टाकून काठीने झोडपली. कोंड्याचा असा ढग उठला की दोघींच्या भुवया पांढऱ्या झाल्या. मग काठावर चूल मांडून, सोडा घातलेलं कढत पाणी खोळीवर ओतलं, तेलाचे डाग रिठ्याने चोळले, आणि पाळीपाळीने ती धोपटली. नदी पावसाचा गढूळपणा टाकून निवळली होती. पलीकडच्या खाचरांत भात कापणीला आलं होतं.

तोवर सासूबाई माझ्याशी कामापुरतंच बोलत. रागावत नसत, पण बोलतही नसत. मला त्यांची भीती वाटायची.

खोळ पिळायची वेळ आली. त्यांनी एक टोक धरलं, मी दुसरं. त्या पिळत होत्या, मीही जोर लावून पिळत होते, पण पाणी काही निघेना. खोळ नुसतीच दोघींच्या मधे लोळत होती. सासूबाईंनी माझ्या हातांकडे पाहिलं.

“अगो, मी फिरवतंय तिकडंच तू फिरवतेस. पीळ पडंल कसा?”

मी घाबरून हात उलटे फिरवले. तेवढ्यात त्यांनीही माझ्यासाठी म्हणून आपले उलटे फिरवले. पुन्हा तेच. त्या मटकन खडकावर बसल्या आणि हसायला लागल्या. पदर तोंडाला लावूनही त्यांचं हसू थांबेना. मग मलाही हसू आलं. त्या घरात आल्यापासून मी मोकळेपणी हसले ती तेव्हाच.

ओली खोळ वाळूवर टाकली तर वाळू चिकटायची. म्हणून तिच्या नाड्या एका बाजूने करंजाच्या फांद्यांना आणि दुसऱ्या बाजूने गाडीच्या साट्याला बांधल्या. खाली चांगली सावली पडली. आम्ही तिथे बसून भाकरी खाल्ली. वरून अधूनमधून थेंब पडत होते. सासूबाई वर बघत म्हणाल्या, “इतकी वर्सं धुतंय हिला. पन मोटारीत काय मी कदी बसले नाय.”

“कधीच नाही?”

“नाय. ते कल्यानला जायचे, कोर्टात जायचे, पावण्यांना आनायचे. मी कुटं जानार?” मग म्हणाल्या, “भावाकडं जाते ना किन्हवलीला, भाऊबीजेला. पन ती गाडीनंच. बैलाच्या.”

त्यात तक्रार नव्हती. भाकरीचा तुकडा मोडावा तसं सांगून त्या मोकळ्या झाल्या. मला मात्र ते लागून राहिलं.

पुढे दर वर्षी दिवाळीच्या आधी आम्ही खोळ धुवायला जात होतो. पिळताना कुणी कुठल्या बाजूला फिरवायचं, हे आता न बोलता जमायचं. माहेरच्या आठवणी, शहापूरच्या भारंगी नदीवरच्या गमती मी त्यांना तिथेच सांगितल्या. घरात एवढं बोलणं कधी झालं नाही.

लढाई संपली. पेट्रोल थोडं थोडं मिळू लागलं. मामंजींनी खोळ काढली, मोटार दुरुस्त करून घेतली, आणि माझे यजमान ती चालवायला लागले. एका दुपारी मामंजींना जेवायला वाढताना मी धीर करून म्हटलं, “आई मोटारीत कधी बसल्या नाहीत.”

सुनेने असं मधे बोलायची रीत नव्हती. मामंजींचा घास हातातच राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जेवण संपवलं आणि ते उठले. मला वाटलं, चुकलंच आपलं.

भाऊबीजेच्या सकाळी त्यांनी ओसरीवरून हाक मारली, “चल, तुज्या भावाकडं जाऊ. मोटार काडलीय.”

सासूबाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “हिला पन घेते.”

आम्ही दोघी मागे बसलो. त्यांनी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं आणि दाराची कडी घट्ट धरली होती. रस्ता कच्चा, सगळा खड्ड्यांचा. सरळगाव मागे पडलं तसा त्यांनी पदर तोंडाला लावला. जरा वेळाने हळूच म्हणाल्या, “थांबवाला सांग गो. मळमळतंय.”

मोटार थांबली. त्या एका आंब्याखाली बसल्या. मामंजींनी जवळच्या घरातून तांब्याभर पाणी आणलं. बायकोसाठी पाणी आणताना मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं. पुन्हा बसायचं म्हटल्यावर सासूबाईंनी नकाराची मान हलवली.

“तुमी जा. मी जाते चालत. किती लांब हाय आता?”

“एकटी कशी जाशील?” मामंजी म्हणाले. त्यांनी पायांतले बूट काढून मोटारीत ठेवले आणि यजमानांना म्हणाले, “तुमी व्हा पुडं. आमी येतो.”

यजमानांनी मोटार सावकाश हाकली. मी मागच्या काचेतून बघत राहिले. आधी दोघांत चांगलं अंतर होतं, मामंजी पुढे आणि सासूबाई मागे. वळणापाशी मामंजी थांबले. त्या आल्यावर दोघं बरोबरीने चालू लागली. सासूबाई हात हलवून काहीतरी सांगत होत्या आणि मामंजी ऐकत होते.

किन्हवलीला सासूबाईंचे भाऊ, आमचे मामा, दारातच उभे होते. मोटार बघायला आळीतली माणसं जमली होती. मामांनी आत डोकावून पाहिलं.

“ताई कुटंय?”

“मागून येतायत,” मी म्हटलं, “चालत.”

त्यांना काही उमगेना. आम्ही चहा घेतला, पाट मांडून झाले, तरी दोघांचा पत्ता नव्हता. आली तेव्हा पावलं धुळीने माखलेली होती. सासूबाईंच्या ओच्यात वाटेत काढलेल्या चिंचा होत्या, आणि मामंजी तोंड आंबट करून त्यातलीच एक चोखत होते.