कातडीखालचे गोंदण

प्लेगच्या साली मी डॉक्टरांबरोबर शिवडीच्या कोळीवाड्यात लोकांना समजवायला गेलो. रोज माणसे मरत होती, तरी लस टोचून घ्यायला कोणी पुढे येईना. शेवटी एका कोळणीने डोक्यावरची पाटी उतरवली.

"पोरा, डाक्तर हायपोडर्मिक बोलतो, म्हंजे काय रं?"

मी चाचरत म्हणालो, "औषध सुईने कातडीखाली सोडायचे."

"मंग गोंदणच की."

आपला गोंदलेला हात तिने बायांसमोर नाचवला. "हे घेताना भ्यालात का गो? हे मेल्यावर संगती येतं. ते जगायला घ्या."

ती पहिली बसली आणि सुई टोचतानाही हसत राहिली. तिच्यामागे रांग लागली. दुपारीच लस संपली, तेव्हा उरलेल्या बाया डॉक्टरांशी भांडायला उठल्या.