कोरडी कड

दगडाच्या कडेवर पॉलिशचं मशीन फिरवून झालं की मिस्त्री आधी पाण्याचा नळ बंद करायचे. मग मनगटाने कड पुसायचे, डोळे मिटून अंगठा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्यायचे आणि म्हणायचे, "ओल्यात समदंच चमकतंय, ताई. सुकू द्या, मग बोला."

सुकल्यावर कुठेतरी केसाएवढा फिकट पट्टा दिसायचा. मला नाही, शेठना नाही, गिऱ्हाइकाला तर जन्मात नाही. मिस्त्रींना दिसायचा. मग ते पाणी न सोडता कोरड्यावरच मशीन लावायचे आणि पांढऱ्या धुरळ्यात कमरेच्या वर दिसेनासे व्हायचे.

पावणे गावच्या एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये आमचं वर्कशॉप होतं. किचनचे ओटे, बेसिनखालचे काउंटर, असलं काम. मी तिथे नऊ वर्षं ऑफिस सांभाळलं. मापं उतरवून घ्यायची, ऑर्डरी लिहायच्या, फोनवर गिऱ्हाइकांची समजूत घालायची. तुमच्यापैकी कुणी गेल्या काही वर्षांत नवं किचन केलं असेल, तर तो गुळगुळीत, हळदीचा डागही न धरणारा पांढरा ओटा तुमच्याकडे असेलच. त्याची कड कुणी घासली हा विचार आपण करत नाही. मीही करत नव्हते, आणि मी तर मधल्या एका काचेपलीकडे बसत होते.

मिस्त्री मूळचे मराठवाड्यातले, राहायला तुर्भ्याला. सकाळी "जयभीम, ताई" म्हणत दारातून डोकवायचे, पण ऑफिसात पाऊल टाकायचे नाहीत. "लादी खराब होईल तुमची." चौदा एप्रिलला मात्र कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, बायकोला आणि लेकीला घेऊन माझ्या घरी पेढे द्यायला यायचे. शर्टाच्या बाहीकडे बोट दाखवून म्हणायचे, "हा खरा पांढरा, ताई. बाकीचे दिवस फुकटचा."

जीभ तिखट होती. पाम बीच रोडवरच्या एक मॅडम एकदा वर्कशॉपवर आल्या आणि कडेपाशी वाकून म्हणाल्या, यात चेहरा दिसला पाहिजे. मिस्त्री म्हणाले, "दिसंल की. पण मॅडम, तुमी हितं भाकरी थापणार का केस विंचरणार?" मी टेबलाखाली तोंड घातलं. मॅडम मात्र खळखळून हसल्या, आणि आठवड्याने ओटा बसल्यावर त्यांनी मुद्दाम फोन करून सांगितलं की चेहरा दिसतो.

आधी बरीच वर्षं मिस्त्रींनी कडप्पा आणि ग्रॅनाइट कापला होता. मग हा नवा दगड आला. दगड कसला, गारगोटीची भुकटी रसायनात कालवून दाबलेली फरशीच ती. कंपनीच्या माणसाने एक चकचकीत पुस्तिका दिली. शेवटच्या पानावर बारीक इंग्रजीत लिहिलं होतं की हा माल पाण्याखालीच कापा, घासा. फिल्टरचा घट्ट बसणारा मास्क लावा. याची धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही. अख्ख्या वर्कशॉपमध्ये ते पान वाचलं फक्त मी.

मी शेठना दाखवलं. शेठ म्हणाले, "मॅडम, हे सगळं फॉरेनवाल्यांसाठी असतं. तुम्ही टेन्शन नका घेऊ." मी टेन्शन घेतलं नाही. पुस्तिका फाइलला लावली. मिस्त्रींना जाताजाता म्हटलं, "पाण्यातच करत जा हो." ते म्हणाले, "पाण्यात खोट लपते, ताई." त्यांच्या त्या कोरड्या हाताचं शेठना इतकं कौतुक होतं की ते गिऱ्हाइकांना 'ड्राय फिनिश' म्हणून सांगायचे. कोटेशनवर ती ओळ मीच टाइप करायचे. ठळक अक्षरात.

चांगले मास्कही आले होते, रबरी काठाचे, दोन्ही गालांवर फिल्टर असलेले. सहा नग. ते माझ्या कपाटात कुलपात असायचे. तपासणीला कुणी येणार असं कळलं की मी ते काढून वाटायचे, सगळे नळ सुरू व्हायचे, मी फोटो काढायचे आणि साहेबांची गाडी गेटबाहेर गेली की मास्क मोजून परत घ्यायचे. मिस्त्री आपला मास्क पुसून माझ्या हातात देत. "नीट ठेवा. फोटोला लागतो." सगळे हसायचे. मीही हसायचे, याची आज चीड येते. कपाटाची चावी माझ्याच पर्समध्ये होती, दुसऱ्या कुणाच्या नाही.

संध्याकाळी सुटायच्या वेळी कंप्रेसरची हवा मारून कारागीर एकमेकांचे कपडे झटकायचे. मिस्त्री सर्वांत जास्त वेळ उभे राहायचे. घरी गेल्यागेल्या गळ्यात पडणाऱ्या लेकीच्या नाकात धूळ जाऊ नये म्हणून. त्या वेळी सगळं शेड पांढरं व्हायचं. मी उठून माझी खिडकी लावून घ्यायचे.

खोकला कधी सुरू झाला ते सांगता येणार नाही. मला कळलं ते सीवूड्सच्या एका सोसायटीत. लिफ्ट बंद होती आणि मी मापं घ्यायला सोबत गेले होते. दुसऱ्या मजल्यावर मिस्त्रींनी खिशातून फोन काढला, कानाला लावला आणि "हां, बोला, हां" करत कठड्याला टेकून उभे राहिले. तिसऱ्यावर पुन्हा फोन. स्क्रीन काळी होती. मी पुढे होऊन पायऱ्या चढत राहिले, त्यांना लाज वाटू नये म्हणून.

वजन उतरलं. दवाखान्यात टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. थुंकीत काही सापडत नव्हतं, तरी गोळ्या चालू होत्या. मग तिथे एक नवी डॉक्टर आली. तिने एक्सरे बघून विचारलं, काम काय करता? त्यानंतर मिस्त्री पहिल्यांदा माझ्या ऑफिसात आत येऊन खुर्चीवर बसले.

"ताई, दोन वळी लिहून द्या. डॉक्टर बाई म्हणत्यात, टीबी असंल तर गोळ्या खात काम केलं तरी चालंल. पण दगडाची धूळ बसली असंल तर उद्यापासून तिथं पाय ठेवायचा न्हाई. कोणता दगड, किती वर्षं, तेवढा कंपनीचा कागद आण म्हणल्या."

मी शेठकडे गेले. शेठ ओरडले नाहीत. शांतपणे म्हणाले, "हेल्पर लिहा. साफसफाई, लोडिंग. दोन वर्षं. नाहीतर उद्या शेडला टाळं लागेल, आणि मग तुम्ही कुठे जाणार?" मला नोकरी टिकवायची होती. याहून मोठं कारण माझ्यापाशी नव्हतं. मी लेटरहेडवर इंग्रजीत चार ओळी टाइप केल्या, खाली सही केली. मिस्त्रींना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी कागद दोन्ही हातांनी घेतला, प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि म्हणाले, "उपकार झाले, ताई."

दुसऱ्या दिवशी ते कामावर आले. पुढचे आठ महिने येत राहिले. गोळ्या खायचे, रुमाल बांधायचे, नळ बंद करायचे. कड तशीच यायची, बिनचूक. नंतर उभं राहवेना म्हणून स्टुलावर बसून घासू लागले, आणि एका सोमवारी स्टूल रिकामं राहिलं. पावसाळ्याआधी ते गेले. मी नोकरी सोडली ती त्यानंतर. धाडस करायची वेळ उलटून गेल्यावर मी ते केलं.

परवा त्यांची बायको घरी आली. वस्तीत एका संस्थेची माणसं आली आहेत, दगडाच्या धुळीने गेलेल्यांची नावं लिहून घेत आहेत. तिने पिशवीतून माझा कागद काढला. तिने तो लॅमिनेट करून घेतला होता.

"डॉक्टर बाईनं ह्ये दोनदा वाचलं," ती म्हणाली. "दोनदा इचारलं, यात लिवलंय ते खरं हाय का? ह्ये म्हणले, आमच्या ताईंनी लिवलंय, खोटं कसं आसंल? मग बाईनं टीबीच्याच गोळ्या चालू ठेवल्या. आता त्या लोकास्नी द्यायच्या आधी मला जरा वाचून दाखवा की, यात काय लिवलंय."

मी वाचलं. एकेक ओळ मराठीत करून, हळू. हेल्पर. झाडलोट आणि मालाची चढउतार. कटिंग-पॉलिशशी संबंध नाही. कामाला लागून दोन वर्षं.

ती कपाळाला आठ्या घालून ऐकत होती. मग तिने हात पुढे केला, कागद स्वतःकडे ओढला आणि उलटसुलट करून पाहिला.

"ह्यो कुणाचा कागद हाय, ताई?" ती म्हणाली. "चुकून दुसऱ्याचा दिला का आमाला?"